मदत हवी आहे: शेजचं बंड आणि अमेरिकेची राज्यघटना

नमस्कार मंडळी. अमेरिकेची १७८७ ची राज्यघटना शेजच्या बंडाच्या (१७८६-८७ मधला मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या शेतकऱ्यांचा उठाव) धास्तीतून आली, असं मुलांना शिकवताना मी अडते आहे. त्याआधीच्या जुन्या व्यवस्थेत काँग्रेसला, म्हणजे सगळ्या राज्यांच्या मध्यवर्ती सभेला, कर लावायचा अधिकारच नव्हता. त्यासाठी सगळ्या राज्यांची संमती लागायची; १७८२ मध्ये एकट्या ऱ्होड आयलंड राज्याने नकार दिला आणि ५ टक्के आयातकर बारगळला. मॅसॅच्युसेट्समधले कर्जबाजारी शेतकरी उठले, तेव्हा त्यांच्यावर पाठवलेल्या फौजेचा खर्च मुख्यतः बोस्टनच्या व्यापाऱ्यांनी उचलला! पण राज्यघटनेच्या परिषदेची वाट जिने मोकळी केली, त्या राज्यांच्या अ‍ॅनापोलिसच्या बैठकीसाठी व्हर्जिनियाने पुढाकार घेतला होता तो बंडाच्या आधी, जानेवारी १७८६ मध्येच. मग बंड हे कारण म्हणायचं की फक्त शेवटचा धक्का? मला दुसरं पटतं. तुमचं मत सांगाल? आणि त्या शेतकऱ्यांची बाजू मांडणारं मराठीतलं काही वाचायला सुचवाल का?