मदत हवी आहे: पाळीतल्यांचा व्यायाम मी घेतो, पण आता कुणी येईनासं झालंय

नमस्कार मंडळी,

मी अग्निशमन दलात आहे, ११ वर्षं झाली. चार महिन्यांपूर्वी आमच्या स्टेशनवर ठरलं की बाहेरचा प्रशिक्षक आणायचा नाही, प्रत्येक पाळीतल्याच एकाने बाकीच्यांचा व्यायाम घ्यायचा. आमच्या पाळीतून माझं नाव पुढे आलं. थोडं प्रशिक्षण मिळालं आणि सुरुवात केली. सकाळी गाड्या आणि बीए सेट (धुरात श्वास घ्यायचे हवेचे संच) तपासून झाले की पाऊण तास.

पहिल्या महिन्यात चौदापैकी अकरा जण यायचे. आता चार येतात, कधी तीनच.

काय घेतो ते सांगतो. होजची (पाण्याच्या नळीची) गुंडाळी खांद्यावर घेऊन ड्रिल टॉवरचे (सरावाच्या मनोऱ्याचे) जिने, डमी (माणसाएवढा जड पुतळा) ओढणं, बर्पी (खाली आडवं होऊन उठून उडी मारणं), आणि शेवटी घड्याळ लावून सगळ्याची एक फेरी. प्रत्येकाची वेळ फळ्यावर लिहायचो. वाटलं होतं चुरस लागेल. ती लागली, पण वरच्या चार-पाच जणांतच. खालचे हळूहळू काहीतरी काम काढून बाजूला व्हायला लागले. एकाचा गुडघा उतरताना दुखावला, तो दहा दिवस रजेवर होता. ते मनाला फार लागलं, कारण ती फेरी मी आखली होती.

खरी काळजी वेगळीच आहे. आमच्या पाळीतले सगळ्यात ज्येष्ठ, आम्ही त्यांना काका म्हणतो, वय ५३. नोकरीच्या पहिल्या वर्षी धुरात माझा हात धरून बाहेर आणणारा माणूस. तीन आठवड्यांपूर्वी तिसऱ्या मजल्यावर ते थांबले, कठडा धरला आणि म्हणाले, "छाती भरल्यासारखी वाटते रे." दोन मिनिटांत बरं वाटलं. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "वर कळवू नकोस, गाडीवरून उतरवतील मला." त्या दिवसापासून ते व्यायामाला येत नाहीत. वर्दीला, म्हणजे आगीचा कॉल आला की, मात्र जातात.

मी अजून कुणाला बोललेलो नाही. मी त्यांचा साहेब नाही, डॉक्टरही नाही. गप्प बसलो आणि उद्या जिन्यावर काही झालं तर? आणि बोललो तर पाळीतला एक तरी माणूस माझ्यावर पुन्हा विश्वास ठेवेल का? ज्यांनी असा उपक्रम चालवलाय त्यांनी कृपया सांगा. काकांबद्दल आधी, बाकीचं नंतर.

पांढरा कोट:
मी डॉक्टर आहे, म्हणून स्पष्ट लिहिते. श्रम केल्यावर छाती भरून येणं आणि थांबल्यावर बरं वाटणं हे हृदयाच्या रक्तपुरवठ्याचं लक्षण असू शकतं. तीन आठवडे फार झाले. आजच त्यांना तपासणीला न्या. तोपर्यंत व्यायाम नाही आणि वर्दीही नाही. पुन्हा दुखलं आणि थांबूनही गेलं नाही, घाम फुटला, दुखणं हाताकडे किंवा जबड्याकडे गेलं, तर थेट रुग्णवाहिका.

एक आकडा त्यांना जरूर सांगा. २००७ साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला होता. प्रत्यक्ष आग विझवण्यात जवानांचा वर्षातला साधारण १ ते ५ टक्के वेळ जातो, पण कर्तव्यावर असताना हृदयविकाराने झालेल्या मृत्यूंपैकी सुमारे ३२ टक्के त्या थोड्या वेळात झाले होते. अंगावर वीस-बावीस किलोचा सरंजाम, उष्णता, अंगातलं कमी झालेलं पाणी आणि झोपेतून उठून एकदम धावणं, हे सगळं हृदयावर एकत्र येतं. म्हणजे व्यायामाला दांडी मारून ते सुरक्षित झाले नाहीत. धोक्याची जागा व्यायाम नव्हे, वर्दी आहे.

जुनी शिडी:
मी सहा वर्षं हेच काम केलंय. काकांशी आधी एकट्याने बोला. "मी कळवतोय" असं म्हणू नका. "आपण दोघं मिळून जाऊ, मी सोबत आहे" असं म्हणा. पण हेही त्याच बैठकीत सांगा की ते आले नाहीत तर तुम्हाला बोलावंच लागेल. त्यांच्या पाठीमागे केलं तर विश्वास जाईल, तोंडावर सांगून केलं तर जात नाही. माझ्याकडे असा प्रसंग आला होता. तो सहकारी महिनाभर बोलला नाही, आता माझ्या शेजारीच बसतो.

आता गळतीबद्दल. फळा आजच पुसा. अमेरिकेत १९९७ साली जवानांची संघटना आणि दलप्रमुखांची संघटना यांनी एकत्र येऊन तंदुरुस्तीचा कार्यक्रम आखला. त्यात सहकारी प्रशिक्षक तर आहेतच, पण पाया असा की चाचणीचा निकाल शिक्षेसाठी वापरायचा नाही आणि वैयक्तिक माहिती गुप्त ठेवायची. ही अट नसेल तर लोक चाचणीच्या दिवशी आजारी पडतात. तुमच्याकडे हे लेखी आहे का? नसेल तर साहेबांकडून एक ओळ तरी लिहून घ्या. काका जे म्हणाले ना, "उतरवतील मला", ती भीती बाकीच्या दहा जणांनाही आहे, फक्त ते बोलत नाहीत.

होजवाली:
जुनी शिडी यांच्याशी सहमत. मी पाळीतली एकटी बाई. फळ्यावर माझं नाव शेवटी दिसायला लागलं तेव्हा मीही यायचं थांबवलं होतं. आमचा व्यायाम घेणाऱ्या दादाने फळा काढला आणि प्रत्येकाला स्वतःची वही दिली. गेल्या महिन्यातल्या स्वतःशीच तुलना. मी परत आले. डमी ओढण्यात माझी अडचण ताकदीची नव्हती, पकडीची होती. ते त्याने बघितलं आणि दोन आठवडे फक्त पकड शिकवली. आपल्यातलाच माणूस असण्याचा हाच तर फायदा आहे. बाहेरच्याला कसं कळणार की डमी कुठून निसटते?

पांढरा कोट:
गुडघ्याबद्दल राहिलंच. अमेरिकेतल्या टुसान शहराच्या दलातल्या दुखापतींची नोंद २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात सुमारे एक तृतीयांश दुखापती व्यायाम करताना झालेल्या होत्या. तेव्हा अपराधी वाटून घेऊ नका, पण आखणी बदला. घड्याळ लावून जिने उतरायला लावू नका. चढणं वेगाने, उतरणं सावकाश. आधी दहा मिनिटं अंग गरम करणं टाळायचं नाही.

जुनी शिडी:
आणि ड्यूटीवर कुणालाही दमवून टाकू नका. पाऊण तासानंतर लगेच वर्दी आली तर त्याच पायांनी चढायचं आहे. आमचा नियम असा की व्यायाम करताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. जोराचा दिवस आठवड्यातून एकच, तोही कमी माणसांवर. रात्र वर्द्यांत गेली असेल तर त्या सकाळी फक्त पाठ, पोट आणि ताणाचे व्यायाम. हे आठवड्यातून दोनदा नेमाने केलं तरी पाठीला पुष्कळ फरक पडतो. आपल्या कामात पाठ जाते ती उचलताना, धावताना नाही.

आणखी एक. अमेरिकेत ओरेगॉनमध्ये जवानांवर 'फ्लेम' नावाचा अभ्यास झाला. त्यात एका गटात सगळं एका सहकाऱ्यानेच घडवून आणायचं होतं. पण त्याच्या हातात तयार पुस्तिका होती, प्रत्येक सत्रात काय बोलायचं, काय करायचं ते लिहिलेलं. वर्षभराने त्या गटाचं वजन तुलनेच्या गटाइतकं वाढलं नव्हतं, फळं-भाज्या खाणंही वाढलं होतं. तुम्ही सगळं डोक्यात ठेवून एकटे ओढताय. महिन्याचं वेळापत्रक कागदावर काढा आणि दर आठवड्याला एका वेगळ्या माणसाला सत्र घ्यायला द्या.

धागाकर्ता (नऊ दिवसांनी):
सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तरं वाचली त्याच संध्याकाळी काकांच्या घरी गेलो. पहिली दहा मिनिटं ते रागावलेच. मग मी तो वर्दीचा आकडा सांगितला, ते गप्प झाले. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं तपासणीला गेलो. एका रक्तवाहिनीत अडथळा निघाला, स्टेंट बसवला आहे. साहेबांना त्यांनी स्वतःच सांगितलं. सध्या रजेवर आहेत, पुढचं डॉक्टर ठरवतील.

फळा पुसला, वह्या दिल्या. गुडघेवाल्यालाच पुढच्या आठवड्याचं सत्र दिलंय, तो खुर्चीवर बसून घेणार आहे. आज सकाळी सात जण होते. माहिती गुप्त ठेवण्याबद्दल साहेबांना लेखी विनंती दिली, उत्तर यायचं आहे.

आता एकच विचारायचं आहे. काका परत आले की त्यांना पहिल्या दिवशी काय करायला देऊ? ते नुसतं बाजूला उभं राहणार नाहीत, आणि मला त्यांना तसं उभं करायचंही नाही.

पांढरा कोट:
पहिल्या दिवशी तेच करायला द्या जे त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांनी लिहून दिलं असेल, त्यापलीकडे काही नाही. तो कागद त्यांच्याकडून मागून घ्या. बहुतेक सपाटीवरचं चालणं असेल. तुम्ही सोबत चाला.