सोडत, प्रतीक्षा यादी आणि बाबांची पिशवी: तुम्ही घरासाठी किती वाट बघितली?

कळव्याची_कल्पी
काल शेजारच्या काकूंनी पेढे आणून दिले, मुलाला सरकारी घरांच्या सोडतीत घर लागलं. पेढा तोंडात टाकला आणि बाबांची प्लास्टिकची पिशवी आठवली. अधिवास दाखला, उत्पन्नाचा दाखला, फोटो, अनामत रकमेच्या डीडीची झेरॉक्स. दर सोडतीला ती कपाटातून निघायची, नाव नाही आलं की परत साड्यांखाली. आम्ही तेव्हा कळव्यात भाड्याने. अकरा महिन्यांचे करार, त्यामुळे दाखल्यांवर पत्ता कायम मागच्या घराचा. एकदा प्रतीक्षा यादीत आलो, ४१ वा नंबर. बाबा रोज हिशोब मांडायचे, जणू पुढचे चाळीस जण घर नको म्हणायला टपूनच बसलेत. कोणी म्हटलं नाही. शेवटी मामाकडून उसने घेऊन डोंबिवलीत वन आरके. पिशवी अजून आहे, आई त्यात औषधांची बिलं ठेवते.
तुम्ही लिहा. लागलं असेल तर तेही लिहा, जळणार नाही (थोडी जळेन).

पेंधरकर
२०१८ च्या सोडतीत तळोजा लागलं. नाव आलं की खरी वाट सुरू होते. २ ऑक्टोबरला नाव, मग कागद तपासणी, मग बँकेच्या फेऱ्या, हप्ते आणि वर लॉकडाऊन. चावी २०२१ ला. तोवर इकडे भाडं, तिकडे बँकेचं व्याज. घर एवढंसं की जुना सोफा दारातून आत जाईना, खाली वॉचमनला देऊन टाकला. तोच त्यावर बसून आम्हाला पार्किंग शिकवतो.

मीच_ती
सोफा 😂

खाडीपलीकडची आजी
आमचं उलटंच होतं. ऐंशीच्या दशकात वाशीत घर चटकन मिळालं, यायलाच कोणी तयार नव्हतं. नातेवाईक म्हणायचे, खाडीपलीकडे काय वनवासाला चाललात? मी घराची नाही, गाडीची वाट बघितली. लोकल आली १९९२ च्या मे महिन्यात. तोपर्यंत बस आणि पुलावर ट्रॅफिक. आता तेच नातेवाईक विचारतात, तुमच्याकडे कुठे मिळेल का हो.

पेंधरकर
आजी, भारी! आमच्याकडेही मेट्रो २०२३ च्या नोव्हेंबरात आली, त्याआधी इको व्हॅनमध्ये कोंबून जायचो.

रात्रपाळी
@पेंधरकर मेट्रोचं तिकीट बेलापूरपर्यंत ३० रुपये ना आता?

पेंधरकर
हो, आधी ४० होते.

सव्वातीन_लाख
माझं ऐका. अत्यल्प उत्पन्न गटाला कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला तीन लाखांपर्यंत लागायचं. माझं सव्वातीन. वरच्या गटातल्या घराचा हप्ता झेपणारा नव्हता. २०२२ मध्ये मर्यादा सहा लाख केली, आनंदाने फॉर्म काढला, तर बायकोला नोकरी लागली होती. दोघांचे मिळून सहा लाख चाळीस हजार. ती म्हणाली, सोडू का नोकरी? मी दोन मिनिटं खरंच विचार केला, हे तिला अजून माहीत नाही. ती इथे वाचत नसावी.

सव्वातीनची_बायको
वाचते.

कळव्याची_कल्पी
😂😂 धागा सार्थकी लागला

घणसोली_गावदेवी
आम्ही नावाने अडलो. प्रधानमंत्री आवासच्या घराला देशात कुठेही तुमच्या नावावर पक्कं घर नको. सासऱ्यांनी कौतुकाने गावच्या घराच्या उताऱ्यावर ह्यांचं नाव चढवून ठेवलेलं, ह्यांना पत्ताच नाही. नाव कमी करा म्हणायला गेलो तर सासूबाई रडायला लागल्या, लेक वेगळा निघाला म्हणून. घर राहिलं बाजूला, दिवाळीला गावी जायची चोरी झाली.

मीच_ती
अगं बाई. आता बोलतात का?

घणसोली_गावदेवी
बोलतात. लोणचं पण पाठवलं परवा. कुकर झाला, येते.

मुंब्रा_बायपास
कोणी एजंट "सेटिंग आहे" म्हणाला तर एक रुपया देऊ नका. सोडत संगणकावर निघते, सगळ्यांसमोर. हे मला पन्नास हजार गेल्यावर कळलं. आईची पाटली मोडून दिले होते. घरी अजून सांगितलेलं नाही, आईला वाटतं पाटली लॉकरमध्ये आहे.

खाडीपलीकडची आजी
सांगून टाक रे बाळा. आईला बहुतेक माहीत असतं.

रात्रपाळी
कल्पी, कळव्यात कुठे होतात? आम्ही खारेगाव फाटकाजवळ. त्या फाटकात आयुष्याची निम्मी वाट बघून झाली, घराचं काय घेऊन बसलात.

कळव्याची_कल्पी
मनिषानगर! फाटक पडलं की बाबा स्कूटर बंद करून दाणे खायचे. आज आईला ४१ नंबरचं विचारलं, तर म्हणते ४१ नव्हता, १४१ होता. बाबांनी आम्हाला शंभर कमी सांगितले होते.

उलवेवासी
मी आत्ताच अर्ज भरायला बसलोय, ओटीपी येत नाहीये. इथे कोणाला आला का?