भांड्यांवरच्या नावांचे ठसे: प्रदर्शनासाठी मदत हवी

ओसरी: वाचनालयाच्या दालनात दोन दिवसांचं प्रदर्शन आहे. साधारण ४० घरांतून नाव घातलेलं एकेक भांडं येईल. ज्याचं भांडं त्यानेच नावावर कागद ठेवून, वरून घासून ठसा घ्यायचा, खाली आठवणीच्या दोन ओळी लिहायच्या आणि कागद भिंतीवर लावायचा. स्टीलच्या वाटीवर करून पाहिलं तर नुसता काळा डाग उमटला. कागद चुकतोय का? आणि भांडी आधी घासून घ्यावीत का?

ठोक्याचं पितळ: घासू नका. पावडर लावली की पांढरी पूड अक्षरांच्या ठिपक्यांत बसते, ठसा बुजतो, आणि चिंच काय, पावडर काय, वर्षानुवर्षांची काळसर झाकही जाते. कोरड्या मऊ फडक्याने पुसलं की पुरे.
तुमच्या डागाचं कारण बहुधा स्टील. मशीनने घातलेलं नाव अगदी उथळ असतं. त्याचा ठसा घेत बसू नका. टॉर्च जवळजवळ आडवा धरून फोटो काढा, अक्षरं सावलीने उठतात. पितळेवर छिन्नीने ठोकलेलं नाव खोल असतं, ते छान येतं. कागद पतंगाचा घ्या. झेरॉक्सचा जाड पडतो, ठिपके एकमेकांत मिसळतात. कागद चारी बाजूंनी मास्किंग टेपने ताणून बसवा (ठसा झाला की टेप लगेच काढा), मेणखडू आडवा धरा आणि एकाच दिशेने हलकेच फिरवा. पेन्सिलीच्या टोकाने हा कागद फाटतो. तांब्याच्या पोटावर कागदाला चुण्या पडतातच, म्हणून नावापुरतीच पट्टी कापा.

कडीकोयंडा: ठशापेक्षा घोळ परतीच्या वेळी होतो. एकसारखे पाच तांब्ये आणि झाकणांची अदलाबदल! भांडं घेतानाच फोटो काढा, दोन प्रतींत पावती करा, त्यात आधीचे पोचे लिहून ठेवा. क्रमांकाची चिठ्ठी सुती दोऱ्याने बांधा, झाकणाला वेगळी. रबरबँड नको, त्यातल्या गंधकाने तांबं-चांदी काळी पडते. पाटा-वरवंट्याला आधीच नाही म्हणा, उचलायला माणसं लागतात.

ओसरी: आणि त्या दोन ओळी? सगळे “आजीची आठवण” एवढंच लिहितात.

ठोक्याचं पितळ: कारण प्रश्नच तसा विचारला जातो. कुठल्या फडताळात असायचं, त्यात काय भरलेलं असायचं, हात लावायची मनाई कोणाला होती, हे विचारा. “सौ. … यांजकडून” असं कोरलेलं असेल तर देणारी कोण, हे आधी. क्रोएशियातल्या झाग्रेबमधल्या तुटलेल्या नात्यांच्या संग्रहालयात वस्तूशेजारी देणाऱ्याचाच मजकूर असतो, पण नाव नसतं. तुम्हीही नाव छापायची परवानगी वेगळी घ्या. भांड्यावर नाव कोरलेलं आहे म्हणजे ती मिळाली असं नाही.

कडीकोयंडा: मांडणीही भांडी आणणाऱ्यांनाच करू द्या. चिनी कलाकार सोंग दोंगने २००५ मध्ये बीजिंगला आईने साठवलेल्या १०,००० हून जास्त घरगुती वस्तू मांडल्या, तेव्हा मांडायला आई स्वतः होती. टेबलावर मात्र जाड चादर घाला, नाहीतर खणखणाटात कोणाचं बोलणं ऐकू येणार नाही.