काजूचा फरक आलाच नाही, कार्ड आजोबांच्या नावावर. काय करायचं?

सत्तरीचा_काजूवाला:
नमस्कार मंडळी. गोव्यात सत्तरी तालुक्यात डोंगरउतारावर आमची काजूबाग आहे. कृषी कार्ड आणि बँक खातं दोन्ही आजोबांच्या नावावर, आणि ते आता नाहीत. सोसायटीत बिया विकायला बाबा नेतात. यंदा सोसायटीत घातलेल्या बियांचा आधारभूत किमतीचा फरक आला नाही, पीएम किसानही थांबलं. बाकीच्या बिया दारात जीप घेऊन येणाऱ्या व्यापाऱ्याला दिल्या. रोकड हातात, पण दर खेपेला गोणपाटाचं वजन म्हणून किलोभर कापतो, आणि पावती मागितली की "पावती कशाला, आपलीच माणसं!" जीपवाल्याला दिलेल्या बियांवर फरक मिळेल का? एक-चौदावर, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर, सात नावं आहेत, बहुतेक माणसं वर गेली. काकी म्हणते आधी वाटणी करा. बाबा म्हणतात, वाटणी काढली की भांडण निघणार.

कुळागरकर:
दोन पैसे एकत्र कालवू नका. काजूचा फरक हा राज्य सरकारचा. 2023 मध्ये आधारभूत किंमत किलोला 125 वरून 150 केली. समजा त्या दरात सोसायटीने 110 ला बिया घेतल्या, तर वरचे 40 सरकार खात्यात घालतं. त्यासाठी कार्ड आणि नोंदणीकृत सोसायटीचं बिल लागतं. जीपवाल्याच्या बियांवर दमडी मिळणार नाही, तो विषय सोडा.

बाबांच्या नावावर नवीन कार्ड करा. वाळपईच्या विभागीय कृषी कार्यालयात विचारा. आमच्याकडे बाकीच्या हिस्सेदारांची ना-हरकत जोडून झालं होतं. आणि सब-रजिस्ट्रारकडे सक्सेशन डीड, म्हणजे वारसांचा दस्त, करून घ्या. त्यात वारस कोण एवढंच ठरतं, जमिनीचे तुकडे पडत नाहीत. काकींना हे नीट सांगा, अर्धं भांडण तिथेच मिटेल. डीड झालं की मामलेदाराकडे म्युटेशन, म्हणजे उताऱ्यावर वारसांची नावं चढवणं.

पेडण्याचा_शेतकरी:
पीएम किसान केंद्राचं, वर्षाला 6000, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते. 1 फेब्रुवारी 2019 नंतर जमीन विकत घेतली असेल तर बसत नाही, पण वारसाने आली असेल तर बसते. म्युटेशन झालं की बाबांचा नवा अर्ज भरा. ई-केवायसी करा आणि आधार खात्याला जोडलंय ना ते बँकेत बघा, बरेच हप्ते तिथेच अडकतात.

डिचोलीची_सून:
जीपवाल्याला सगळेच शिव्या घालतात. पण जूनमध्ये पोरांच्या वह्या-पुस्तकांना उचल कोण देतो? तोच. फरक यायला महिनोन्महिने लागतात, तोवर चूल कशावर पेटवायची?

कुळागरकर:
बाय, खरं आहे. म्हणून आम्ही गरजेपुरत्या चार गोण्या त्याला देतो, बाकी सोसायटीत. पण उचल घेतली की सगळा माल त्यालाच, हे कबूल करायचं नाही. दर तोच ठरवतो मग.

सत्तरीचा_काजूवाला:
आभारी आहे. आत्या मुंबईला असते. तिची सही लागेल का?

कुळागरकर:
डीडमध्ये तिचं नाव यायलाच हवं, गोव्यात लेकीचा वाटा लेकाएवढाच. लग्न गोव्यात नोंदवलं असेल तर तिच्या यजमानांचंही घालावं लागेल. ना-हरकतीवर सह्या लागतील. चतुर्थीला येते ना? कागद आधीच टाईप करून ठेवा, मोदक खाऊन झाल्यावर ती लगेच गाडी पकडते.

सत्तरीचा_काजूवाला:
तुम्ही आमच्या आत्याला ओळखता की काय!