युरोपातल्या जुन्या मित्रांकडे सहा आठवडे: मुक्काम, व्हिसा, प्रवास – सल्ला हवा

सावकाश_दोघं: नमस्कार मंडळी. आम्ही दोघंही निवृत्त, वय ६७ आणि ६४. कॉलेजातल्या आमच्या टोळक्यातले तिघं युरोपात स्थायिक झाले. एक जर्मनीत फ्रायबुर्गला, एक फ्रान्समध्ये ल्योंला आणि एक मैत्रीण पोर्तुगालमध्ये पोर्तोला. कित्येक वर्षं फोनवर "या एकदा" चाललंय, आता खरंच निघायचं ठरवलंय. मे-जूनमध्ये फ्रायबुर्गला दोन आठवडे, ल्योंला एक, पोर्तोला तीन. स्थळदर्शन दुय्यम, माणसांबरोबर बसणं मुख्य. इथून जायचं-यायचं विमानभाडं सोडून दोघांचे मिळून दिवसाला १२० युरो, त्यावर जायचं नाही. मित्रांच्या घरीच राहावं की जवळ खोली घ्यावी? व्हिसा कोणत्या देशाचा? ल्योंहून पोर्तोला कसं जावं? हिचे गुडघे दुखतात, त्यामुळे जिने जपून.

गगनविहारी: सरळ डॅन्यूबवरची रिव्हर क्रूझ घ्या. पासाऊला बोटीत सामान ठेवलं की बुडापेस्टपर्यंत बॅग उचलायला नको. आम्ही बाल्कनीची खोली घेतली होती, पहाटे व्हाखाऊ खोऱ्यातले द्राक्षमळे पलंगावरून दिसत होते. महाग आहे, पण या वयात पैसे राखायचे कोणासाठी?

सावकाश_दोघं: धन्यवाद. पण आम्हाला मित्रांनाच भेटायचंय हो.

पाटीपेन्सिल: विमान ज्या देशात पहिल्यांदा उतरतं त्या देशाचा शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा एकच व्हिसा) घ्यायचा. तुम्ही जर्मनीत उतरताय, मग जर्मनीचा. माझ्या भावाने असंच केलं, काही अडचण आली नाही.

नियमवाचक: हे चुकीचं आहे, कृपया यावर जाऊ नका. ज्या देशात सर्वांत जास्त दिवस मुक्काम, त्याच्याकडे अर्ज. सगळीकडचे दिवस सारखे असतील तरच पहिल्या प्रवेशाचा देश धरतात. तुमचे तीन आठवडे पोर्तोला, म्हणजे पोर्तुगाल. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निदान १५ दिवस आधी हवाच. वैद्यकीय विम्याचं संरक्षण किमान ३०,००० युरोंचं लागतं. कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांची मर्यादा आहे, ती तुम्हाला आड येत नाही.

आणखी एक. घरी राहणार असाल तर ल्योंच्या मित्राला आत्ताच कळवा. फ्रान्समध्ये यजमानाला नगरपालिकेतून 'आतेस्तास्यों दाक्योय' नावाचं पाहुण्यांचं प्रमाणपत्र काढावं लागतं. त्याला ३० युरो शुल्क आहे आणि वेळही लागतो. मूळ कागद तुमच्या हातात यायला हवा.

पाटीपेन्सिल: पण भावाला कोणी विचारलं नाही ना!

नियमवाचक: त्याचा जास्त मुक्काम जर्मनीतच असेल. तसं असेल तर त्याचा अर्ज बरोबरच होता.

उंबरठा: मुक्कामाबद्दल कळकळीने सांगते. मैत्रिणीच्या घरी तीन रात्रींच्या वर राहू नका. आम्ही एका जुन्या मैत्रिणीकडे लांबचा मुक्काम टाकला. ती आणि नवरा दोघं घरून काम करणारे. दिवसभर मीटिंगा, आम्ही कुजबुजत बोलायचो, संध्याकाळी सगळेच थकलेले. घर लहान, न्हाणीघर एक. प्रेम आटलं नाही, पण मोकळेपणा गेला. जवळ छोटी खोली घ्या आणि रोज भेटा.

खिडकीजवळ: उंबरठाताईंना +१. वेगळी खोलीच हवी. मित्राला तोंडावर नाही म्हणणं जड जातं, म्हणून आधीच बुक करून टाका.

तळमजला: +१, वेगळी खोली. पण लिफ्ट आहे का ते स्वतः विचारा. युरोपात पहिला मजला म्हणजे जमिनीच्या वरचा, आणि जुन्या इमारतींत चौथ्या मजल्यापर्यंत नुसते जिने असतात. पोर्तोत तर गावच चढउताराचं. नदीकाठच्या रिबेरा भागात खोली घेऊ नका, वर बाताल्याच्या बाजूला घ्या. खाली जायला गुइंदाइशची फ्युनिक्युलर (उतारावर दोरखंडाने चालणारी छोटी रेल्वे) आहे. मेट्रोची डी मार्गिका दों लुईश पुलाच्या वरच्या मजल्यावरून जाते, तेव्हा नदीपार जायलाही पायऱ्या नकोत. ल्योंमध्ये दोन नद्यांमधला प्रेस्कील भाग सपाट आहे, फूर्व्हियेरच्या टेकडीवर फ्युनिक्युलर जाते. फ्रायबुर्गच्या जुन्या भागात रस्त्याकडेला पाण्याचे उघडे पाट आहेत, संध्याकाळी काकूंचा हात धरून चाला.

गुडघेदुखी: विमानतळावर व्हीलचेअर मागा. संकोच करू नका. युरोपीय नियमांनुसार ही मदत मोफत असते, ४८ तास आधी कळवायचं.

गगनविहारी: धडधाकट माणसांनी व्हीलचेअर घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. खऱ्या गरजूंना थांबावं लागतं.

गुडघेदुखी: ज्याला लांब चालता येत नाही तोही गरजूच. माझी दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आहे, बघणाऱ्याला ती दिसत नाही.

उंबरठा: दोघांनी कृपया हे व्यनित (खासगी निरोपात) बोला. काकांचा धागा भरकटतोय.

कडूगोड: विम्याचं कोणी नीट सांगितलं नाही म्हणून लिहितो. फॉर्ममध्ये रक्तदाब, साखर, जुनी ऑपरेशनं सगळं लिहा. आम्ही लिहिलं होतं, तरी दाखल व्हायची वेळ आल्यावर 'आधीपासूनचे आजार' या कलमावर बोट ठेवून दावा फेटाळला. हे आजार धरणारी पॉलिसी आहे का, ते लेखी घ्या. औषधं हातातल्या बॅगेत, चिठ्ठीवर मूळ घटकाचं नाव, कारण ब्रँडची नावं तिकडे वेगळी. ११२ हा तातडीचा क्रमांक तिन्ही देशांत चालतो. जर्मनीत रात्री साधा डॉक्टर हवा असेल तर ११६११७. आणि मित्रांना भेट म्हणून दुधाचे किंवा मांसाचे पदार्थ नेऊ नका, बाहेरून आणायला बंदी आहे.

रूळप्रेमी: आता माझा विषय. फ्रायबुर्ग ते ल्यों बिनधास्त रेल्वेने. मुलूजला गाडी बदला, तिथून ल्योंला थेट तेजेव्हे (फ्रान्सची वेगवान गाडी) मिळते. फ्रायबुर्गला असेपर्यंत डॉइचलांडटिकेट घ्या. २०२३ मध्ये ४९ युरोला सुरू झालं, २०२६ पासून माणशी ६३ आहे. महिनाभर सगळ्या लोकल गाड्या, ट्राम, बस. टिटिझे तळ्यालाही त्यावरच जाता येतं. आयसीई या वेगवान गाड्यांत मात्र चालत नाही. त्याची मुदत दर महिन्याला आपोआप वाढते, म्हणून त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द करा.

ल्यों ते पोर्तो मात्र, मी रेल्वेवेडा असूनही सांगतो, विमानाने जा. पूर्वी रात्रीच्या गाड्या होत्या, आंदाय-लिस्बन आणि माद्रिद-लिस्बन. मार्च २०२० मध्ये बंद झाल्या त्या परत आल्या नाहीत. आता उरलेला मार्ग असा: ल्यों ते बार्सिलोना थेट (स्पेनच्या रेन्फे या रेल्वे कंपनीने २०२३ मध्ये सुरू केली), मग माद्रिद, मग व्हिगो, आणि तिथून सेल्ता नावाची छोटी गाडी पोर्तोला. नार्बोन ते पेर्पिन्यां रूळ खाजणांच्या पाण्यामधून जातात, ते विसरता येत नाही. व्हियाना दु कश्तेलूला आयफेलच्या कंपनीने बांधलेला १८७८ चा पूल लागतो. पण वाटेत दोन-तीन मुक्काम पडतात, आणि गुडघे दुखत असताना ते नको.

खिडकीजवळ: विमानच. दोन तासांचं काम.

तळमजला: विमान, +१.

नियमवाचक: मीही विमानच म्हणेन. रेल्वेने गेलात तर स्पेनमधल्या मुक्कामांचे दिवस अर्जात दाखवावे लागतील, बुकिंगं जोडावी लागतील. पोर्तोचेच दिवस जास्त असल्याने अर्ज पोर्तुगालकडेच राहील, कागद तेवढे वाढतील.

सावकाश_दोघं: सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री दोघांनी बसून धागा पुन्हा वाचला. अर्ज पोर्तुगालकडे. ल्योंच्या मित्राला फोन केला, तो उद्याच नगरपालिकेत जातोय. विम्याचं कलम लेखी मागवलंय.

मुक्काम तिघांच्याही घरी. फ्रायबुर्गचा मित्र गेल्या वर्षीपासून एकटा आहे आणि आम्ही मुख्यतः त्याच्यासाठीच निघालोय. त्याच्या घरासमोर खोली घेऊन राहणं आम्हाला जमणार नाही. पोर्तोच्या मैत्रिणीकडे लिफ्ट आहे, विचारून घेतलं.

आणि ल्यों ते पोर्तो आम्ही रेल्वेनेच जाणार. रूळप्रेमींनी लिहिलेलं वाचल्यावर हिने नकाशाच उघडला. घरी राहिल्यामुळे दिवसाच्या १२० युरोंतले बरेच वाचतील, ते वाटेतल्या खोल्यांना घालू. बार्सिलोना, माद्रिद आणि व्हिगो, तिन्हीकडे दोन-दोन रात्री, म्हणजे दुसऱ्या दिवशी गुडघ्यांना पूर्ण आराम. पोर्तोचे दिवस थोडे कमी होतील, तरी सर्वांत जास्त तिथेच.

गगनविहारी: सामान कोण चढवणार?

सावकाश_दोघं: प्रत्येकी एक छोटी चाकांची बॅग, बाकी कपडे मित्रांकडे धुऊ.

रूळप्रेमी: मग ऐका. स्पेनच्या वेगवान गाड्यांत बॅगा तपासतात आणि गाडी सुटण्याच्या थोडं आधी दार बंद होतं, म्हणून अर्धा तास आधी पोहोचा. साठीवरच्यांसाठी 'तार्खेता दोरादा' कार्ड मिळतं, स्टेशनवर पासपोर्ट दाखवून विचारा. गाडी बदलताना मदत हवी असेल तर २४ तास आधी कळवा. माद्रिदहून व्हिगोची गाडी चामार्तीनहून सुटते. व्हिगोत स्टेशनं दोन आहेत, सेल्ता गिशारहून. पोर्तुगालचं घड्याळ स्पेनच्या एक तास मागे, मैत्रिणीला पोर्तोची वेळ कळवा. पोर्तोहून पिन्याँव गावाला दुओरू नदीकाठच्या गाडीने जा, ६५ वर्षांवरच्यांना तिथल्या रेल्वेत निम्मं भाडं आहे.

सावकाश_दोघं: ते कार्ड बार्सिलोना सान्त्स स्टेशनला मिळेल का? आणि हिचं वय ६४ आहे, तिचं पिन्याँवचं तिकीट पूर्ण पडेल ना?

रूळप्रेमी: सान्त्सच्या रेन्फे खिडकीवर विचारा. हो, काकूंचं पूर्ण. नदी उजवीकडे असते, जाताना त्या बाजूला बसा.