मदत हवी आहे: लेक सात महिन्यांची होत आली, पण वरचं खाणं जिभेनं बाहेर ढकलते

माझी लेक सहा महिने तीन आठवड्यांची आहे. सहा महिने पूर्ण होईपर्यंत ती फक्त अंगावरच होती, वरून पाणीसुद्धा दिलं नाही. मुलीचं उष्टावण पाचव्या महिन्यात करतात म्हणून सासूबाईंना घाई होती, पण डॉक्टरांनी सांगितल्यावर त्या थांबल्या. मग माझ्या भावानं तिला मांडीवर घेऊन खीर ओठाला लावली, तिनं मिटक्या मारत चाटली. आम्हाला वाटलं, हिचं खाण्याचं काही अडणार नाही.

त्यानंतर तीन आठवडे झाले. नाचणीचं सत्त्व, वरणाचं पाणी, तांदळाची पेज असं सगळं आलटून पालटून देतेय. दोन चमचे जेमतेम आत जातात, बाकीचं जिभेनं बाहेर. तिसऱ्या चमच्याला तोंड घट्ट मिटते आणि मान फिरवते. भुकेच्या वेळी भरवायला बसले तर रडून गोंधळ घालते, पाजून बसवलं तर ढुंकून बघत नाही. परवा लाल भोपळा कुस्करून दिला तर उबळ येऊन डोळ्यांत पाणी आलं. मी इतकी घाबरले की पुन्हा पातळ पेजेवर आले.

वजन ६.८ किलो आहे, महिनाभरात २०० ग्रॅमच वाढलं. सासूबाई मनापासून सांगतात, "आता तुझ्या दुधाचं पाणी झालं असेल, पाजणं कमी कर म्हणजे आपोआप खाईल." त्यांनी दोन मुलं वाढवलीत, त्यांना उलट बोलावंसं वाटत नाही. पण दूध तोडायला माझं मन धजत नाही. १ तारखेपासून ऑफिस सुरू होतंय, सकाळी ९ ते संध्याकाळी ७ ती आजीजवळ असेल. आधी पाजायचं की आधी भरवायचं? या वयाला किती खाल्लं म्हणजे पुरे? आणि ती उबळ म्हणजे घशात अडकणं होतं का? कृपया अनुभव सांगा, रात्री झोप लागत नाही.

प्रतिसाद १

ताई, आधी दुधाचं. सहा महिन्यांनंतर दुधाचं पाणी होत नाही. वर्षापर्यंत बाळाला लागणाऱ्या ऊर्जेतली निम्मी किंवा त्याहून जास्त ऊर्जा आईच्या दुधातूनच मिळू शकते. जागतिक आरोग्य संघटना दोन वर्षं आणि त्यापुढेही पाजायला सांगते. तेव्हा पाजणं कमी करू नका. खाणं दुधाच्या जोडीला येतं, दुधाच्या जागी नाही. वरचं द्यायचं ते मुख्यतः लोहासाठी. जन्मताना बाळ लोहाचा साठा घेऊन येतं, तो सहाव्या महिन्याच्या आसपास संपत येतो आणि दुधात लोह फार कमी असतं.

तुमच्या यादीतलं सगळंच पातळ आहे. माझ्या थोरल्याच्या वेळी मीही हीच चूक केली होती. वरणाच्या पाण्यात डाळ नसते, नुसतं पाणी असतं. इवलंसं पोट त्यानंच भरतं आणि अंगाला काही लागत नाही. चमचा तिरका केला तर लगेच ओघळणार नाही इतकं घट्ट हवं. मूगडाळ-तांदळाची खिचडी गुरगुट्या भातासारखी शिजवा, डावेनं घोटा, वर अर्धा चमचा तूप. मिक्सरमधून काढू नका. मीठ आणि साखर वर्षभर नको.

वेळ म्हणाल तर, पाजल्यावर तास-दीड तासानं बसवा. कडकडून भूकही नसते आणि पोटही गच्च नसतं. सुरुवातीला दिवसातून दोनदा, दोन-तीन चमचे पुरे आहेत. आठ महिन्यांपर्यंत हळूहळू दोन-तीन वेळा अर्धी वाटी होईल. तोंड मिटलं की तिथेच थांबायचं, खेळणं दाखवून कोंबायचं नाही. एकच चव आठ-दहा वेळा पुढे आल्यावर मग कुठे आवडायला लागते.

वजनाचा चढ या वयात मंदावतोच. तरी तुमच्या डॉक्टरांना तो आलेखावर बघू द्या. लोहाच्या थेंबांचंही त्यांनाच विचारा. 'अ‍ॅनिमिया मुक्त भारत' या सरकारी योजनेत सहा महिन्यांपासून आठवड्यातून दोनदा १ मिलि लोहाचं सिरप देतात, आशाताईंकडे मिळतं.

प्रतिसाद २

उबळ आणि अडकणं यातला फरक नीट समजून घ्या, म्हणजे भीती कमी होईल. उबळ येते तेव्हा आवाज येतो, बाळ खोकतं, चेहरा लाल होतो, घास स्वतःच पुढे ढकलतं. ते त्याचं संरक्षण आहे. अशा वेळी तोंडात बोट घालू नका. खरं अडकतं तेव्हा आवाजच निघत नाही, रडताही येत नाही, ओठ निळे पडायला लागतात. अशा वेळी काय करायचं ते डॉक्टरांकडून प्रत्यक्ष शिकून घ्या आणि आजींनाही शिकवा, दिवसभर त्याच असणार आहेत. बाळाला बसवूनच भरवा, आडवं घेऊन कधीच नाही. अख्खे शेंगदाणे, द्राक्षं, कच्च्या गाजराचे तुकडे दूर ठेवा. आणि मध वर्षाच्या आत बोटावरसुद्धा नको, बाळगुटीतूनही नको. त्यातून बॉट्युलिझमची विषबाधा होऊ शकते.

प्रतिसाद ३

आम्ही रत्नागिरीचे. आमच्याकडे लहानग्यांना मुडदुशी हा मासा देतात, मांस मऊ आणि काटा सहज निघतो. उकडून, दोनदा बोटांनी चाचपून, भातात कुस्करून द्यायची. तुम्ही खात असाल तर नीट शिजवलेलं अंडंही चालतं, आता त्यासाठी वर्षभर थांबायला सांगत नाहीत. नवीन पदार्थ सकाळी द्या, म्हणजे पुरळ-उलटी काही झालंच तर दिवसा कळतं. शाकाहारी असाल तर डाळीच्या खिचडीवर लिंबाचे दोन थेंब पिळा, लोह चांगलं शोषलं जातं.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. पाच दिवसांनी लिहितेय. पेज बंद केली. घट्ट खिचडी सासूबाईंनाच घोटायला सांगितली, आणि डॉक्टरांकडे त्यांना सोबत घेऊन गेले. आलेखावरची रेघ त्यांनी स्वतः पाहिली. वाढ ठीक आहे, लोहाचे थेंब सुरू केलेत. दूध कमी करायचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. उलट काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्यानं कसं पाजायचं ते त्या माझ्याकडून शिकल्या. आमच्या ठाण्याच्या उकाड्यात ते बाहेर ठेवत नाही, लगेच फ्रिजमध्ये जातं. पाजायच्या आधी वाटी कोमट पाण्यात धरायची, गॅसवर ठेवायची नाही, हे कागदावर लिहून ओट्याशेजारी चिकटवलंय.

काल लेकीनं पाच चमचे खाल्ले, आज पुन्हा दोनच. आज मी रडले नाही. एकच विचारायचं राहिलं. ऑफिसातून आल्यावर ती आधी अंगावर झेपावेल हे नक्की, मग रात्रीचं भरवणं त्यानंतर किती वेळानं ठेवू? नोकरी करणाऱ्या कुणी सांगाल का?