हवामान धोरणाच्या खुर्चीवर माणूस बदलला की नेमकं काय बदलतं?

खडूफळा
नमस्कार. मी ज्युनिअर कॉलेजात शिकवते आणि दरवर्षी मुलांकडून वादविवाद स्पर्धेची तयारी करून घेते. यंदाचा विषय आहे, 'हवामान बदलाशी संबंधित पदांवर राजकीय नेमणुका नकोत'. सहा मुलांनी भाषणं लिहून आणली आणि सहाही जणांची मांडणी एकच निघाली. राजकारणी वाईट, शास्त्रज्ञ चांगले, म्हणून खुर्च्या शास्त्रज्ञांना द्या.

उदाहरणही सगळ्यांचं एकच, अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे, म्हणजे ईपीएचे, माजी प्रमुख स्कॉट प्रुइट. ओक्लाहोमाचे महाधिवक्ता असताना त्यांनी या संस्थेला १४ वेळा कोर्टात खेचलं होतं. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्याच संस्थेचे ते प्रमुख झाले. महिनाभरातच टीव्हीवर म्हणाले की कार्बन डायऑक्साइड हे तापमानवाढीचं मुख्य कारण आहे हे मला मान्य नाही.

विरुद्ध बाजूने बोलणारी एक मुलगी तास संपल्यावर थांबली. म्हणाली, "मॅडम, ते तर जुलै २०१८ मध्ये पदावरून गेले. टीव्हीवर काहीतरी बोलले, हे खरं. पण त्याने नुकसान काय झालं?" मला नीट उत्तर देता आलं नाही, आणि तेव्हापासून तो प्रश्न डोक्यातून जात नाही.

तुमच्यापैकी कुणी सरकारी कामकाज आतून पाहिलं असेल तर सांगा. भाषणं बाजूला ठेवली, तर खुर्चीवरचा माणूस बदलल्याने प्रत्यक्ष काय बदलतं?

सरळरेघ
मला मुलांचं म्हणणं पटतं. २००९ मध्ये ओबामांनी ऊर्जामंत्री म्हणून स्टीव्हन चू यांना घेतलं. १९९७ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेला माणूस. त्यांना कुणी कार्बन डायऑक्साइडबद्दल चुकीचं काही गळी उतरवू शकलं नसतं. विषय कळणारा माणूस वर असला की खालच्यांनाही खरं बोलायचं बळ येतं, हे मी माझ्या नोकरीत पाहिलं आहे. त्यामुळे मांडणी सोपी आहे म्हणून ती चूक ठरत नाही.

इतिवृत्त
मॅडम, मी ३१ वर्षं सरकारी नोकरी केली. निवृत्त झाले तेव्हा कक्ष अधिकारी होते. समित्यांच्या बैठकांना बसायचं, टिपणं घ्यायची आणि इतिवृत्ताचा मसुदा करून वर पाठवायचा, हे माझं मुख्य काम. म्हणून तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न वाचून लिहायला बसले.

एका तांत्रिक समितीची गोष्ट सांगते. तज्ज्ञांनी पाण्याचे नमुने तपासून आणले होते. मी लिहिलं, 'पाण्यात मर्यादेपेक्षा जास्त प्रदूषण आढळले.' मध्यंतरी अध्यक्ष बदलले. मसुदा परत आला तेव्हा 'आढळले' या शब्दावर पेन्सिलीची बारीक रेघ होती आणि समासात लिहिलं होतं, 'आढळल्याचे काही सदस्यांनी नमूद केले.' बाकी एका अक्षराला हात लावलेला नव्हता. आता हे वाक्य खोटं नाही. काही सदस्यांनी नमूद केलंच होतं. पण तपासून हाती आलेला निष्कर्ष त्या तीन-चार शब्दांनी काही लोकांचं मत होऊन बसला. पुढच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, इतर सदस्यांचं काय मत आहे तेही घेऊया. विषय आठ महिने लांबला. स्वच्छ प्रत मीच टाइप करून दिली होती. तो सल अजून गेलेला नाही.

आता अमेरिकेतलं उदाहरण बघा, ते मुलांना फार उपयोगी पडेल. फिलिप कूनी हे धाकट्या बुश यांच्या काळात व्हाइट हाउसच्या पर्यावरण गुणवत्ता परिषदेत चीफ ऑफ स्टाफ होते. पेशाने वकील, आणि त्याआधी अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट या तेल उद्योगाच्या संघटनेत हवामानविषयक गटाचे प्रमुख. निवडणूक नाही, मंत्रिपद नाही, टीव्हीवर मुलाखत नाही. त्यांच्या टेबलावर शास्त्रज्ञांच्या अहवालांचे मसुदे यायचे. ऑक्टोबर २००२ च्या एका मसुद्यात, सजीवसृष्टीतल्या बदलांचं खापर हवामानावर फोडणं 'कठीण' आहे, असं वाक्य होतं. त्यांनी तिथे 'अत्यंत' हा एक शब्द घातला. डोंगरांवरचं बर्फ आणि हिमनद्या कमी होतील असा एक आख्खा परिच्छेद होता, तो खोडला. समासात शेरा मारला की हे संशोधनाचा आराखडा सोडून अटकळींकडे चाललं आहे. जून २००५ मध्ये हे कागद न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापून आले. दोन-तीन दिवसांत कूनींनी राजीनामा दिला, आणि त्याच महिन्यात एक्सॉनमोबिलने त्यांना नोकरीवर घेतल्याचं जाहीर झालं. कागद बाहेर आले ते रिक पिल्ट्झ यांच्यामुळे. हवामान संशोधनाचा समन्वय करणाऱ्या सरकारी कार्यालयातली नोकरी सोडून ते बाहेर पडले होते.

तुमच्या विद्यार्थिनीला मी म्हणेन, नुकसान बघायचं तर टीव्ही नको, समास बघ.

प्रुइट यांचंही तसंच. त्यांचं ते विधान सगळ्यांच्या लक्षात राहिलं. पण ऑक्टोबर २०१७ च्या अखेरीस त्यांनी एक आदेश काढला, तो फारसा कुणाला आठवत नाही. ईपीएकडून संशोधन अनुदान घेणाऱ्या शास्त्रज्ञांना ईपीएच्या सल्लागार समित्यांवर बसता येणार नाही. कारण दिलं हितसंबंधांचं. उद्योगांकडून पैसे घेणाऱ्यांना मात्र अशी बंदी नव्हती. या विषयातले जाणते संशोधक बहुतेक अनुदानावरच काम करतात, त्यामुळे एका कागदाने ते समितीबाहेर गेले. न्यायालयांनी तो आदेश मोडीत काढला, पण २०२० मध्ये. तोवर प्रुइट जाऊनही दोन वर्षं होत आली होती. माणूस दीड वर्षात गेला, त्याची सही मागे काम करत राहिली.

वाऱ्याची_दिशा
इतिवृत्तताई, पेन्सिलीची गोष्ट वाचून अंगावर काटा आला. तरीही विरुद्ध बाजूने बोलणाऱ्या मुलीसाठी थोडं लिहितो, कारण तिची बाजू कच्ची आहे असं मला वाटत नाही.

राजकीय नेमणूक म्हणजे वाईट नेमणूक, हे इतिहासाला धरून नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी १९८१ मध्ये ॲन गॉरसच यांना ईपीएवर नेमलं. त्यांनी संस्थेच्या पैशाला आणि माणसांना मोठी कात्री लावली. कागदपत्रं दिली नाहीत म्हणून काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, त्यांच्यावर अवमानाचा ठपका ठेवला आणि मार्च १९८३ मध्ये त्यांना जावं लागलं. मग संस्थेची घडी पुन्हा बसवायला कुणाला बोलावलं? विल्यम रकल्सहाउस यांना. तेही रिपब्लिकन, तेही वकील, शास्त्रज्ञ नव्हेत. १९७० मध्ये ईपीएचे पहिले प्रमुख तेच होते. आणि वॉटरगेट घोटाळ्याच्या वेळी, ऑक्टोबर १९७३ मध्ये, चौकशी करणाऱ्या विशेष सरकारी वकिलाला काढा असा राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा हुकूम मानण्याऐवजी ज्यांनी पद सोडलं त्यांच्यातलेही ते एक.

ब्रिटनमध्येही हेच दिसतं. २००८ च्या हवामान बदल कायद्याने तिथे एक स्वतंत्र सल्लागार समिती आहे. २०१२ ते २०२३ तिचे अध्यक्ष होते लॉर्ड डेबेन, म्हणजे पूर्वीचे हुजूर पक्षाचे मंत्री जॉन गमर. स्वतःच्याच पक्षाच्या सरकारला ते सतत जाहीरपणे सुनावत राहिले. आपलं कुठे ऐकलं जाईल आणि कुठे नाही, हे कळणं हेही एक ज्ञान आहे, आणि ते राजकारणात मुरलेल्या माणसाकडे असतं.

आणखी एक. पृथ्वी का तापते हे शास्त्रज्ञ सांगतील. पण कोळसा कधी थांबवायचा, खाणकामगारांचं काय करायचं, भार कुणी उचलायचा, हे ठरवताना लोकांनी निवडून दिलेला माणूस खोलीत हवाच. तो नसेल तर लोक म्हणतील, हे आम्हाला न विचारता ठरवलं. आणि ते रास्तच असेल.

सरळरेघ
रकल्सहाउस यांचं माहीत नव्हतं. माझं मत थोडं बदललं. पण मग चांगला राजकारणी येईल याची वाट बघत बसायचं का? नशिबावर धोरण कसं चालणार?

इतिवृत्त
वाऱ्याची दिशा, तुमचं म्हणणं मान्य. माझे सगळ्यात चांगले अध्यक्ष निवडून आलेले लोकप्रतिनिधी होते, आणि पेन्सिल चालवणारे अध्यक्ष त्या विषयातली पदवी घेतलेले होते. पदवीने कणा येत नाही.

सरळरेघ, तुमचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. नशिबावर सोडायचं नसेल तर खुर्ची कशावर उभी आहे ते आधी बघा. ऑस्ट्रेलियात एकाच वेळी दोन संस्था होत्या. क्लायमेट कमिशन २०११ मध्ये सरकारी निर्णयाने झालं होतं. काम लोकांना हवामानाचं विज्ञान समजावून सांगण्याचं, मुख्य आयुक्त टिम फ्लॅनरी. सप्टेंबर २०१३ मध्ये टोनी ॲबट यांचं सरकार आलं आणि शपथविधीच्या दुसऱ्या दिवशी ते बंद झालं. एका फोनवर. दुसरी संस्था क्लायमेट चेंज अथॉरिटी. तीही सरकारला नको होती. पण ती संसदेच्या कायद्याने झालेली, म्हणजे मोडायलाही कायदाच हवा. सिनेटने नकार दिला आणि ती टिकली. पुढे तिला उपाशी ठेवलं गेलं, काही सदस्य कंटाळून बाहेर पडले, हे खरं आहे. पण टिकली. बंद पडलेल्या कमिशनची माणसंही घरी बसली नाहीत. क्लायमेट कौन्सिल नावाने त्यांनी पुन्हा काम उभं केलं आणि आठवडाभरात लोकांनी सुमारे दहा लाख डॉलर वर्गणी दिली. वाचलं होतं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

अमेरिकेतही २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं की हरितगृह वायू हे हवा प्रदूषण कायद्याच्या कक्षेत येतात. मग २००९ मध्ये ईपीएने शास्त्रीय निष्कर्ष नोंदवला की या वायूंनी लोकांच्या आरोग्याला धोका आहे. मोटारी, वीज केंद्रं यांच्यावरचे नियम त्या निष्कर्षावर उभे राहिले. प्रुइट बोलले खूप, पण तो निष्कर्ष रद्द करायला गेले नाहीत. त्यासाठी तेवढ्याच तोलाचा शास्त्रीय आधार लागला असता.

आणि म्हणून जुलै २०२५ मध्ये काय झालं ते मुलांनी नीट बघावं. ईपीएने तो निष्कर्ष मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला, आणि त्याच दिवशी ऊर्जा खात्याने हवामानावर एक नवा अहवाल प्रसिद्ध केला. लेखक पाच, निवड ऊर्जामंत्र्यांची. प्रस्तावात त्या अहवालाचा आधार घेतला होता. ८५ हून जास्त शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन ४०० पानांवर उत्तर लिहिलं. सल्लागार समितीत समतोल हवा आणि बैठका उघड हव्यात असा अमेरिकेत १९७२ पासून कायदा आहे. त्याच्या आधारे पर्यावरण संघटना कोर्टात गेल्या, आणि सप्टेंबरात पाच लेखकांचा तो गट विसर्जित झाला. दर चार वर्षांनी राष्ट्रीय हवामान अहवाल काढायचं बंधन १९९० च्या कायद्याने आहे, पण २०२५ च्याच एप्रिलमध्ये त्या अहवालाच्या जवळपास ४०० लेखकांना एका ईमेलने मोकळं केलं गेलं. अहवाल काढायला कायदा लावतो. तो कुणी लिहायचा, हे खुर्ची ठरवते. भांडण तिथे आहे.

आपल्याकडचं एकच सांगते. जल कायदा १९७४ चा. राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अध्यक्षाला पर्यावरणाचं विशेष ज्ञान किंवा अनुभव हवा असं त्यात लिहिलं आहे. तरी नेमणुका कशा व्हायच्या यावरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि सप्टेंबर २०१७ मध्ये न्यायालयाला राज्यांना सांगावं लागलं की सहा महिन्यांत नेमणुकीचे निकष तयार करा. ४३ वर्षांनी. विषय मुलांना रटाळ वाटेल, पण हवामानाचे सगळे करार शेवटी ज्या कार्यालयात उतरतात, त्याची ही गोष्ट आहे.

खडूफळा
सगळ्यांचे मनापासून आभार. आज मी वर्गात 'आढळले' आणि 'आढळल्याचे काही सदस्यांनी नमूद केले' ही दोन वाक्यं फळ्यावर लिहिली, दुसरं काहीच सांगितलं नाही. दोन मिनिटं शांतता होती. मग ती मुलगीच म्हणाली, "दुसऱ्या वाक्यात पाणी कमी घाण झालं." तिला आता विषयाच्या बाजूने बोलायचं आहे. मी म्हटलं, विरुद्ध बाजूनेच बोल, पण रकल्सहाउस आणि डेबेन यांना घेऊन बोल.

ताई, तिचा एक प्रश्न आहे. अमेरिकेतले मसुदे कुणीतरी बाहेर आणले म्हणून दिसले. आपल्याकडे असा मसुदा बघायचा झाला तर साध्या माणसाने काय करायचं?

इतिवृत्त
तिला माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला शिकवा, मॅडम. २००५ च्या कायद्याने फाइलवरची टिपणंही मागता येतात. फक्त अर्जात 'इतिवृत्ताची प्रत मिळावी' एवढंच लिहू नका. तसं लिहिलं की स्वच्छ, सही झालेली प्रत हातात ठेवतात. 'बैठकीच्या इतिवृत्ताचे सर्व मसुदे, त्यावरील शेरे व दुरुस्त्यांसह, आणि संबंधित नस्तीतील टिप्पणी पृष्ठे' असं लिहा. बैठकीची तारीख घाला. मूळ नस्ती बघायला मिळावी अशीही मागणी करा, कारण पेन्सिलीची रेघ झेरॉक्समध्ये नीट उमटत नाही.

माझ्या त्या बैठकीचा कच्चा मसुदा मी फाडला नव्हता. स्वच्छ प्रतीच्या मागे टाचून नस्तीतच ठेवला होता.